दगडाभोवतीचं पीठ

खरं सांगतो म्हटलं की समोरचा आधी खिसा चाचपतो, म्हणून मी तसं म्हणणारच नाही. खोटी समजूनच ऐका. ही गोष्ट मी आजवर निदान शंभर जणांना सांगितली असेल. एकानंही विश्वास ठेवला नाही, आणि त्यातले तिघे तर गोष्टीत होते.

वीज गेलीय, ती काही घटकाभर येत नाही. पोती भिंतीला लावा आणि त्यांच्यावरच टेका. वजनाच्या काट्यावर बसलेल्या आजींकडे लक्ष देऊ नका. त्या गिऱ्हाइकाच्या पोत्याचं माप काढतात तसं माझ्या गोष्टीचंही काढतात, सवयच आहे.

तर आपल्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीण होती. ठेंगणी, पायात पुरुषी बूट, काखेत कायम एक जाडजूड वही. होती डॉक्टर, पण गावानं नाव पाडलं वकीलबाई. कारण नाडीला हात लावायच्या आधी चाळीस प्रश्न. काय खाल्लंत, कशात शिजवलंत, कुणी वाढलं, उरलेलं कुठल्या जनावराला घातलंत, आणि ते जनावर आता कसं आहे. पोट दुखतं म्हणून आत गेलेला माणूस स्वतःच्या घराची झडती देऊन बाहेर यायचा. पण विष ओळखावं तर त्या बाईनंच. शाळेचे मास्तर रोज सकाळी चक्कर येऊन फळ्याखाली पडायचे. सगळे म्हणाले, वय झालं. बाईंनी विचारलं, मध कुठला खाता? आणि त्या मधमाश्यांच्या मागे मागे टेकडी चढून गेल्या. विषारी फुलांचं झुडूप घेऊनच खाली आल्या. तंबाखूची ओली पानं उराशी धरून वाहणाऱ्या बायका संध्याकाळी ओकत घरी यायच्या. त्यांना झगे शिवून दिले प्लॅस्टिकचे, ओकारी बंद. ओल्या पानातलं विष कातडीतून आत जातं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. आणि साप चावलेल्या माणसाच्या पायाकडे एकदा बघितलं, की साप कुठल्या जातीचा, किती वर्षांचा आणि चावून कोणत्या पायानं लंगडत गेला, एवढं सांगायच्या.

"सापाला पाय नसतात," काट्यावरून आवाज आला.

या सापाचे अपघातात गेले होते.

असो. माझं म्हणाल तर मी त्या वेळी याच गिरणीत होतो. पोती चढवायची, इंजिनाला तेल घालायचं, पट्टा तुटला तर शिवायचा, दगडांची धार गेली की हातात टाकी-हातोडा घेऊन नव्या खाचा पाडायच्या. जेवण गिरणीवाल्याच्या घरचं. घर म्हणजे हे इथलंच, मागचं. गिरणी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार, ते कधी बंद नसायचं, त्यामुळे घरातल्या भांड्यांवरही पीठ आणि गिरणीतल्या पिठालाही फोडणीचा वास. घरात माणसं तीन. गिरणीवाला, त्याची बायको, आणि त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. एक थोरली, एक धाकटी. आम्हीही तेच म्हणायचो. थोरली रांधायची, धाकटी बाकीचं सगळं बघायची आणि बोलायचीही तीच.

त्या साली कापणीच्या ऐन तोंडावर पाऊस आला. दाणा ओलाच घरात आला. ठेवावा तर बुरशी धरणार, म्हणून जो तो पोतं घेऊन गिरणीत. पण ओला दाणा दगडात गेला की त्याचं पीठ होत नाही, लगदा होतो. दगड तापतो, चिकटतो, हिसके देतो. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत आम्ही ते हिसके सोसत होतो. पाचव्या दिवशी वरच्या दगडाच्या मधोमध जे लोखंड बसवलेलं असतं, ज्याच्यावर सगळा दगड तोलून फिरतो, ते सैल झालं. दगड म्हाताऱ्याच्या कवळीसारखा खडखडायला लागला. गिरणी थांबली. बाहेर ओल्या पोत्यांची रांग, पार दवाखान्याच्या पायरीपर्यंत. चाळीस पोती असतील.

"चौदा."

बरं, चौदा. पण चौदांच्या मालकांची तोंडं चाळिसांची होती. नवीन लोखंड शहरातून यायला आठवडा लागणार. गिरणीवाला डोक्याला हात लावून बसला. आणि तेवढ्यात, कुणी धाडल्यासारखा, रस्त्यानं एक टाकीवाला आला, जात्यांच्या दगडांना टाकी लावत हिंडणारा. वाटसरू. एका डोळ्यानं अधू, खांद्याला झोळी. त्यानं दगडाकडे बघितलं आणि म्हणाला, आठवडा कशाला, तासाचं काम आहे. मासे धरायच्या जाळ्याची शिशाची वजनं मागवली. ती पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवर ठेवली. शिसं वितळलं की वर राखाडी साय धरते, ती चमच्यानं हलकेच बाजूला करायची. खाली असं लखलखतं की त्यात भांग पाडून घ्यावा. मग पळीपळीनं लोखंडाभोवतीच्या फटीत ओतायचं. धूर येतो, घशाला बसतो, जिभेवर गोडसर चव राहते. थंड झालं तेव्हा दगड असा घट्ट बसला होता, जणू डोंगरातून लोखंडासकटच निघाला. गिरणीवाल्यानं त्याची पाठ थोपटली. रांगेतल्या माणसांनी वाहवा केली. तो पाणी प्याला आणि चालू लागला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

दगड फिरायला लागला. चौदा पोती दोन दिवसांत गेली.

आता गिरणीवाल्यांची एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही कधी बोलत नाही. दगडाभोवती हे लाकडी पिंप असतं. प्रत्येकाचं दळण झालं की मूठभर पीठ त्यात कडेला अडकून राहतं. संध्याकाळी दगड थांबला की ते झाडून काढायचं. त्याला म्हणायचं झाडण. ते गिरणीवाल्याच्या घरात जातं. म्हणून गिरणीवाल्याच्या घरी स्वतःचं दळण कधी नसतंच. चौदा घरांच्या दाण्यांचं पीठ एकाच परातीत मळलं जातं. इकडे बघू नका, आता ती रीत मोडलीय. ती का मोडली, तेच सांगतोय.

दीड महिना गेला. आधी धाकटी उतरली. तोंड पांढुरकं, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव, खाल्लेलं लागेना. तिचा आवाज बसला नव्हता तोवर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग गिरणीवाल्याचं पोट. मुरडा असा यायचा की तो धान्याच्या पोत्यावर पालथा पडून पोट दाबून धरायचा आणि दातात पट्ट्याचा तुकडा. परसाकडे आठ-आठ दिवस नाही. गिऱ्हाईक समोर उभं, आणि हा पोत्यावर पालथा; लोक आधी हसले, मग हसेनासे झाले. मलाही अधूनमधून कळ यायची, पण मी काही बोभाटा केला नाही.

आणि मग एके सकाळी धाकटीच्या हातातून परात पडली. उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता, वाळत घातलेल्या मोज्यासारखा. बोटं मिटता येत होती थोडी, पण हात वर उचलायचा म्हटलं की नाही. आठवड्यात डावाही तसाच. दिवसभर बोलणारी, सगळ्या घराला नाचवणारी बाई, तिला स्वतःची वेणी घालता येईना, गुंडी लावता येईना. थोरली तिला भरवायची. भरवताना धाकटी तोंड फिरवून घ्यायची, मग भुकेनं परत वळवायची. ते बघवत नव्हतं. मी जेवताना भिंतीकडे तोंड करून बसू लागलो.

थोरली मात्र ठणठणीत. रांधत होती तीच, वाढत होती तीच, आणि घरात उभी होती तीही एकटीच.

धाकटीचा भाऊ आला बहिणीला बघायला. गुरांचा व्यापारी, जनावराचा ओठ वर करून वय सांगणारा, त्यामुळे आपल्याला सगळंच दिसतं अशी त्याची समजूत. दोन दिवस ओट्यावर बसून त्यानं स्वयंपाकघर बघितलं. तिसऱ्या दिवशी अंगणात गिरणीवाल्याला, मला आणि दळणाला आलेल्या पाच-सहा जणांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "दाजी, ही बाई तुमच्यासाठी रोट्या भाजते आणि स्वतः कोपऱ्यात बसून वेगळा भात खाते. कधीपासून?"

गिरणीवाल्यानं कधी लक्षच दिलं नव्हतं. पण खरं होतं. थोरली आमच्यातली रोटी खात नव्हती. छोट्या पातेल्यात तिचा तिचा भात.

गिरणीवाला आत गेला. "वहिनी, तुम्ही आमच्यातलं का खात नाही?"

थोरली पळी पुसत होती. ती पुसतच राहिली. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला, कारण तिनं काहीतरी, काहीही सांगावं असं त्यालाच वाटत होतं. तिनं पळी खुंटीला अडकवली आणि ती चुलीकडे वळली. त्या गप्प राहण्यानं सगळा निकाल लागला.

ठरलं असं, की व्यापाऱ्यानं वकीलबाईंना आणायचं, त्यांच्याकडून 'विष' एवढा एक शब्द कागदावर घ्यायचा, तो घेऊन पोलिसांत जायचं. तोवर थोरलीनं या घरात पाणीसुद्धा ओतायचं नाही. तिचं गाठोडं फाटकाबाहेर ठेवायला मला सांगितलं. मी ठेवलं. अगदी हलकं होतं. दोन कपडे आणि ते भाताचं पातेलं. ती फाटकाच्या आत उभी, गाठोडं बाहेर, मधे अडसर. मी तिला काहीतरी म्हणणार होतो. पण तेवढ्यात इंजिनाकडे काहीतरी आवाज आला, म्हणून गेलो.

वकीलबाई आल्या, काखेत वही. व्यापारी वाटेत त्यांना सगळी हकिगत सांगत आला होता, आणि त्यांनी वाटेत एकही प्रश्न विचारला नव्हता. ते लक्षण मी ओळखत होतो. प्रश्न साठत होते.

धाकटीला म्हणाल्या, रस्त्यावर गाडी थांबवतात तसे हात पुढे करा. तिनं केले. हात पुढे आले आणि पंजे खाली पडले. बाईंनी तिचा खालचा ओठ अंगठ्यानं उलटा केला. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, निळसर काळी रेघ. पेन्सिलीला टोक करून ओढावी तशी. गिरणीवाल्याचा ओठ उलटा केला. तशीच रेघ. मग वळून व्यापाऱ्याचा ओठ धरला. आयुष्यभर जनावरांची तोंडं उघडणारा माणूस, त्याचं कुणी प्रथमच उघडलं होतं. तो कोरा. मग त्या फाटकापाशी गेल्या आणि थोरलीचा ओठ बघितला. तोही कोरा.

"बघा," व्यापारी म्हणाला. "ती सुटली आणि घर आडवं झालं. आहे ना विष?"

"विष आहे," बाई म्हणाल्या.

त्यानं मांडीवर थाप मारली. "मग लिहून द्या."

"काय झालंय ते कळलं. कुणी केलं ते कुठं कळलंय अजून?"

आणि बाईंनी फाटकापाशी उभ्या थोरलीला घरात नेलं आणि स्वयंपाकघरात चुलीसमोर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मधल्या दारापाशी मी पट्ट्याला टाके घालत होतो. दार उघडं होतं आणि कानांना काही कडी नसते. चाळीस प्रश्न झाले. पाणी कुठलं, भांडी कुठली, तेल कुणाचं, भांड्यांना कल्हई कधी लावली. थोरली एका शब्दात उत्तर देत होती. मग बाईंनी तोच प्रश्न विचारला, पण वेगळा करून. "रोटी केव्हापासून सोडलीत?"

"नवरा गेल्यापासून."

"आणि आधी?"

थोरलीनं चुलीपुढची राख हातानं सारखी केली. "तेव्हा आमचं दळण आमचं असायचं. तो पिंपातलं झाडून ज्याचं शेवटचं दळण असेल त्याच्या डब्यात टाकायचा. हे पीठ आमचं नाही. ज्याचं आहे त्याला माहीत नाही. मी ते खात नाही, एवढंच."

"मग बाहेर विचारत होते तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"चार माणसांत दिराला चोर म्हणू? त्याची बायको अशी पडलेली असताना?"

बाईंनी वही मिटली.   

मग उठल्या, मधल्या दारातून गिरणीत आल्या आणि म्हणाल्या, "दगड उचला."

गिरणीवाला म्हणाला, अहो, दळणं खोळंबलीत. बाई म्हणाल्या, खोळंबूदेत. चौघांनी पहारी लावून वरचा दगड उलथा केला. लोखंडाभोवती ओतलेलं शिसं दगडाच्या अंगाला समपातळीत नव्हतंच. थोडं वर आलं होतं, आणि दोन-तीन महिन्यांत खालच्या दगडावर घासून घासून झिजलं होतं. जिथं वर आलं होतं तिथं आता खळगा होता, बशीएवढा. बाईंनी चाकूच्या टोकानं एक चकती सोलली, लोण्यासारखी निघाली. वहीचं कोरं पान उघडून त्यावर ती ओढली. राखाडी रेघ उठली.

"ही रेघ," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आणि तुमच्या हिरड्यांवरची, सख्ख्या बहिणी. यातलं जे गेलंय ते पिठात गेलंय. सगळ्यांच्याच थोडं थोडं. दगडाच्या अगदी जवळ जे पीठ अडकून राहतं, त्यात सगळ्यांत जास्त."

एवढंच बोलल्या. ते पीठ कुठं जातं, कुणाच्या परातीत, याबद्दल अवाक्षर नाही. पण जमलेल्या सगळ्यांच्या माना हळूहळू गिरणीवाल्याकडे वळल्या आणि त्याची खाली गेली. मग तो कुणाला काही न सांगता, पोट धरून, फाटकाबाहेर गेला. थोरलीचं गाठोडं स्वतः उचललं, आत आणलं आणि तिच्या पायांपाशी ठेवलं. "वहिनी," म्हणाला, आणि गाठोड्याची गाठ सोडू लागला. थोरली म्हणाली, पातेलं तेवढं चुलीवर ठेवा.

व्यापाऱ्याला त्या दिवशी आपली गुरं आठवली, तो निघून गेला.

बाईंनी सगळ्यांच्या बोटातून रक्त घेऊन काचेवर पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवलं. लाल पेशींवर निळे ठिपके, रवा सांडल्यासारखे. शहराला चिठ्ठी पाठवून औषध मागवलं. ते शिरेतून हळूहळू द्यायचं. ते रक्तातल्या शिशाला हाताला धरतं आणि लघवीवाटे घराबाहेर काढतं, असं त्यांनी मला समजावलं. पाच दिवस औषध, मग विश्रांती, मग पुन्हा पाच दिवस. दवाखान्याच्या व्हरांड्यात खुणा केलेल्या बाटल्या ओळीनं, आणि रोज बाई कोणी किती लघवी केली ते वहीत मांडणार. गिरणीवाला म्हणायचा, आयुष्यात पहिल्यांदा माझं माप कुणीतरी घेतंय. अख्ख्या गावानं रांगेत उभं राहून ओठ उलटे केले. आणखी तीन घरांत फिकट रेघा सापडल्या, त्यांनाही औषध. गावातलं होतं नव्हतं ते पीठ खड्डा खणून पुरलं. दगड फोडला, तो मी फोडला, मन लावून.

धाकटीच्या मनगटांना लाकडी पट्ट्या बांधल्या होत्या. थोरली रोज सकाळ-संध्याकाळ पट्ट्या सोडून एकेक बोट उचलायची, ठेवायची, उचलायची. आठवड्यामागून आठवडे. चौथ्या महिन्यात धाकटीनं स्वतः पंजा उचलला. पहिलं काम काय केलं, तर भेटायला आलेल्या भावाच्या गालावर ठेवला, जोरात.

"कानाखाली," काट्यावरून दुरुस्ती आली.

कानाखाली. पण मला वकीलबाई आठवतात त्या वेगळ्याच एका गोष्टीसाठी. गाव रांगेत उभं होतं त्या दिवशी माझाही ओठ त्यांनी उलटा केला. बराच वेळ बघितला. म्हणाल्या, तुमची रेघ सगळ्यांत जाड आहे. मी म्हटलं, बाई, माझी भूकच मोठी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्यानं ते शिसं वितळवलं त्यानं धूरही छातीत घेतला असणार, त्याला औषध लागेल, कुठं असतो तो? मी म्हटलं, वाटसरू होता, गेला. त्यांनी माझ्याकडे दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ बघितलं. मग वहीत लिहिलं 'वाटसरू', आणि खाली एक रेघ ओढली. "भेटला तर सांगा," म्हणाल्या, "त्याच्यासाठी औषध ठेवलंय. नाव कुणी विचारणार नाही." आणि मला पहिली खाट दिली, गिरणीवाल्याच्याही आधी. माझं पोट बरं झालं. माझ्याइतकं बरं कुणीच झालं नसेल. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

थोरलीचं पुढं काय, म्हणता? तिचं काय व्हायचंय. नवा दगड बसला त्या दिवसापासून गिरणीवाल्यानं पिंप झाडायचं काम तिच्याकडे दिलं, ज्याचं पीठ त्याच्या डब्यात. मग वजनाचं दिलं. धाकटी गेली, गिरणीवाला गेला, ती आहे. ती बघा ना, काट्यावर.

आजींनी चष्मा काढला, त्याच्या काचांवरचं पीठ बोटानं पुसलं आणि तो परत घातला.

"दर वेळी ऐकते," त्या म्हणाल्या. "दर वेळी वाटतं, या खेपेला तरी हा स्वतः गोष्टीत येईल. त्या दिवशी रस्त्यानं कुणीही आलं नव्हतं. शिसं तूच ओतलंस."